रबर संपलं की लोखंड बोलतं

आमच्या मामांची १९८६ सालची प्रीमिअर पद्मिनी गल्लीच्या तोंडाशी आली, की मामी चहाचं आधण ठेवायची. हॉर्नची गरज नसे. तिथे एक उंच गतिरोधक होता. मागची चाकं त्यावरून उतरली की आधी ‘धप्प’ आणि पाठोपाठ ‘खडखडखड’. पुढे पुढे खडखड सपाट रस्त्यावरही यायला लागली. एका गॅरेजने निदान केलं, ‘शॉकअप गेले.’ दोन्ही बदलले. बिल आलं. आवाजही आला, अगदी पूर्वीसारखा.

शेवटी एका रविवारी आम्ही दोघं गाडीखाली शिरलो आणि तासाभरात चोर सापडला. बोटाच्या पेराएवढा एक रबरी बुश. सापडला म्हणजे असं, की जिथे तो असायला हवा होता तिथे तो नव्हता. त्याच्या जागी चिमूटभर काळा भुगा होता.

जुन्या गाडीच्या मागच्या खडखडीबद्दल सांगण्यासारखं जे काही आहे, ते या भुग्यात आलं. गाडीच्या मागच्या सस्पेन्शनमध्ये लोखंड आणि लोखंड यांची भेट मुख्यतः दोनच प्रकारे होऊ देतात. एक तर दोन्ही भाग नटबोल्टने इतके घट्ट आवळलेले असतात की ते एकच होऊन जातात. नाहीतर दोघांच्या मध्ये रबर असतं. नट सैल पडला किंवा रबर झिजलं की लोखंड बोलायला लागतं. म्हणून खडखड ऐकू आली की ‘काय वाजतंय?’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘कुठलं रबर संपलं, कुठला नट सैल झाला?’ एवढंच शोधावं. खर्च बराच कमी होतो.

पाट्याची तीन कामं

उदाहरणाला पद्मिनीच घेऊ, कारण तिच्याखाली शिरलं की सगळं डोळ्यांना दिसतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार व्हायची. मूळ गाडी इटलीची, फियाट ११००. १९६४पासून तिचं ‘डी’ रूप इथे बनू लागलं आणि सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे अनेक वर्षं हीच गाडी. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. हौसेने सांभाळलेल्या खासगी पद्मिनी मात्र अजून दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच ऐकूही येतात.

तिची रचना सरळ आहे. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. मागची दोन्ही चाकं एका अखंड ॲक्सलला जोडलेली, आणि तो ॲक्सल दोन बाजूंच्या दोन पाट्यांवर बसवलेला. पाटा म्हणजे पोलादी पट्ट्यांची कमानदार थप्पी. लंडनच्या ओबडाया इलियट या बग्ग्या बांधणाऱ्या कारागिराने १८०४ साली अशा पाट्यांच्या लंबगोल स्प्रिंगचं पेटंट घेतलं. पुढे घोडागाड्यांनी, मुंबईच्या व्हिक्टोरियांनीसुद्धा, हीच कल्पना उचलली. मोटार आली, घोडा गेला, पाटा राहिला.

तो टिकला, कारण तो एकटा तीन कामं करतो. गाडीचं वजन पेलतो. ॲक्सलला जागेवर धरून ठेवतो, पुढे-मागे किंवा आडवा सरकू देत नाही. आणि पट्ट्या एकमेकींवर घासतात त्या घर्षणाने गाडीचे हेलकावेही थोडे आवरतो. उरलेले हेलकावे आवरायला शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप. त्याच्या नळकांड्यात तेल असतं आणि तेलातून छिद्रं असलेला दट्ट्या वर-खाली होतो. बारीक छिद्रांतून तेल रेटताना उसळीची ताकद खर्ची पडते आणि तिची उष्णता होते. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप गरम लागतो तो यामुळे.

पाट्याची एक खोड लक्षात ठेवायला हवी. कमान दाबली की ती सरळ होते आणि तिची दोन टोकं एकमेकांपासून लांब जातात. दोन्ही टोकं बॉडीला पक्की बांधली तर पाटा वाकूच शकणार नाही. म्हणून पुढचं टोक एका पिनेवर पक्कं असतं आणि मागचं टोक झोपाळ्याच्या कडीसारखं लोंबतं. या कडीला म्हणतात शॅकल. चाक खड्ड्यात गेलं की शॅकल पुढे झुलते, उंचवट्यावर चढलं की मागे. दिवसातून हजारो वेळा. पिना आणि पाट्याचे डोळे, म्हणजे टोकांची गोल भोकं, यांच्या मधल्या रबरी बुशांवर हे सगळं झुलणं चालतं. मामांचा बुश याच शॅकलच्या वरच्या पिनेवरचा होता.

आवाजाचं नाव सांगा

मेकॅनिककडे जाऊन ‘मागून आवाज येतो’ एवढंच सांगणं म्हणजे डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ सांगण्यासारखं. इथे मराठी कामी येते. आपल्याकडे आवाजांसाठी इतके नेमके शब्द आहेत की निम्मं निदान तेच करतात.

खुळखुळ असेल, म्हणजे डब्यात खडे हलवल्यासारखी, तर बहुतेक काहीतरी हलकं आणि सुटं आहे: डिकीतला जॅक, पाना, नंबर प्लेट, ब्रेकच्या ड्रममधली सुटलेली स्प्रिंग. ठकठक असेल, बारीक खड्ड्यांवरून जाताना दारावर बोटाने टिचकी मारल्यासारखी, तर शॉकअपच्या वरच्या किंवा खालच्या टोकाचं रबर बघावं. खडखड असेल, रस्त्याच्या प्रत्येक सांध्याला उत्तर देणारी, तर शॅकल किंवा पाट्याच्या डोळ्यातला बुश. मोठ्या गतिरोधकावर एकदाच धप्प होत असेल, तर ॲक्सल वर आदळू नये म्हणून बसवलेला जाड रबरी गुटका गळाला आहे, नाहीतर पाटे बसून गाडी खाली आली आहे. कुरकुर मात्र वेगळ्या घराण्यातली. ती कोरड्या पट्ट्यांच्या आपापसातल्या घर्षणाची. कानाला त्रास देते, धोका सहसा नसतो. आणि गाडी सुटताना किंवा ब्रेक दाबताना एकच जड ‘ठण्’ होत असेल, तर लगेच यू-बोल्ट बघा. ॲक्सल पाट्यावर बांधून ठेवणारे बोल्ट ते हेच.

आधी डिकी रिकामी करा

हसू नका. गाडीखाली शिरण्याआधी डिकी संपूर्ण रिकामी करायची. जॅक, हत्यारं, पाण्याचा कॅन, गेल्या वर्षीच्या सहलीची चटई, सगळं बाहेर. स्टेपनीचा बोल्ट हाताने हलवून बघायचा. मागची सीट दाबून बघायची. मग एक चक्कर मारायची. बऱ्याच ‘सस्पेन्शनच्या’ खडखडी इथेच संपतात.

संपली नाही, तर दोघांनी मिळून करायची एक चाचणी आहे. एकाने गाडी चालण्याच्या वेगाने न्यायची, दुसऱ्याने मागच्या चाकाशेजारून चालत ऐकायचं. आधी फक्त डावं चाक उंचवट्यावरून, मग फक्त उजवं. गाडीच्या आत बसून आवाजाची बाजू ओळखता येत नाही, कारण पत्र्याची बॉडी आवाज इकडून तिकडे वाहून नेते. मामा छातीठोकपणे उजवी बाजू सांगत होते. बुश डाव्या बाजूचा निघाला. मोकळ्या जागी, सावकाश जाताना, हँडब्रेक हलकाच ओढून बघा. त्याने खडखड थांबली तर दोष ब्रेकच्या लायनरकडे असण्याची शक्यता जास्त. सायलेन्सर लटकवणारी रबरं हाताने हलवून बघा, पण गाडी थंड असताना.

शॉकअपची लोकप्रिय परीक्षा म्हणजे गाडीचा कोपरा दाबून सोडणं. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर पास, डोलत राहिली तर नापास. पाट्यांच्या गाडीत ही परीक्षा फसवी आहे. गंजलेल्या पट्ट्यांचं घर्षणच डोलणं रोखतं, त्यामुळे मेलेला शॉकअपही पास होतो. उलट, शॉकअप ठणठणीत आणि त्याच्या टोकाचं रबर संपलेलं, हेही नेहमीचं. खात्री करायची तर शॉकअप सोडवून हाताने ओढावा. पूर्ण खेचेपर्यंत सारखाच जोर लागला तर तो चांगला. मध्येच हात मोकळा गेला, किंवा अंगावर तेलाने भिजलेली धूळ असली, तर बदला.

गाडी उचलण्यापूर्वी

इथे थोडं थांबू, कारण खडखड सहसा कुणाचा जीव घेत नाही; जॅकवरून घसरलेली गाडी घेते.

पद्मिनीत एक सापळा आहे. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मागच्याच चाकांनी धरलेली असते, कारण ओढ मागे आहे. मागची चाकं हवेत गेली की हे दोन्ही आधार एकदम संपतात, आणि पुढची चाकं मोकळी फिरू शकतात. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी गुटके लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही. जमीन सपाट आणि टणक हवी. मातीत किंवा पेव्हर ब्लॉकवर जॅक रुततो. गाडी उचलली की ती घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर उतरवायची. विटा चालत नाहीत. वीट आधी तडा दाखवत नाही, एकदम फुटते. घोड्यांवर बसलेली गाडी उभं राहून दोन्ही हातांनी जोरात हलवून बघायची. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. काढलेलं चाक बॉडीखाली आडवं सरकवून ठेवायचं, शेवटचा राखीव आधार म्हणून. खाली शिरताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण पंधरा-वीस वर्षांचा चिखल नेमका पापणीवर पडतो.

चकाकी आणि लाल भुकटी

खाली शिरल्यावर काय बघायचं? जुन्या गाडीच्या पोटाखाली सगळं तपकिरी, काळं, मळकट असतं. अशा ठिकाणी जे चकाकतं ते संशयित. दोन भाग एकमेकांवर आपटत किंवा घासत असले की तिथला गंज आणि मळ खरवडला जातो आणि पोलाद उघडं पडतं. आम्हाला शॅकलच्या पट्टीच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा एक चकचकीत गोल दिसला. लोखंडाने स्वतःच सही करून ठेवली होती.

दुसरी खूण लाल भुकटीची. आवळलेल्या दोन भागांमध्ये अगदी सूक्ष्म हालचाल होत असली की तिथून गंजाची विटकरी पूड बाहेर येते. यू-बोल्टच्या बैठकीशी किंवा नटाभोवती अशी पूड दिसली तर तो नट वरून घट्ट वाटला तरी सैल आहे असं समजा.

मग लांब टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन प्रत्येक सांधा हलकेच उचकटून बघायचा. चांगला रबरी बुश टॉमी सोडली की परत जागेवर येतो. मेलेला बुश ‘टक्’ करून पलीकडे जातो आणि तिथेच राहतो. शेवटी हातोडीने पट्ट्या एकेक हलक्या वाजवायच्या. तुटलेली पट्टी बद्द वाजते. तडा बहुतेक मध्यभागी, ॲक्सलच्या बैठकीखाली असतो, जिथे पट्ट्यांना आरपार जाणारा सेंटर बोल्ट बसवलेला असतो. या बोल्टची टोपी ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसते आणि ॲक्सलला जागेवर ठेवते. यू-बोल्ट ढिले राहिले तर सगळा भार या बारक्या बोल्टवर येतो. तो तुटला की ॲक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागते.

रबर म्हातारं का होतं

चार्ल्स गुडइयर यांना १८३९च्या सुमारास लागलेला शोध असा, की रबर गंधकाबरोबर तापवलं की टिकाऊ होतं. कारण त्याचे लांब रेणू एकमेकांना पुलांनी जोडले जातात. ते ताणलं तरी परत येतं, उन्हात चिकट होत नाही. पण ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांचा मारा वर्षानुवर्षं चालूच राहतो. काही पूल तुटतात, काही नवे नको तिथे बांधले जातात. रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात आणि ते चुरा होऊन गळतं. गाडी चालो वा उभी राहो, हे घड्याळ थांबत नाही. म्हणून ‘गाडी फारशी फिरलेलीच नाही’ याला बुशांच्या बाबतीत अर्थ नाही.

आपल्याकडची एक रीत या म्हातारपणाला हातभार लावते. सर्व्हिसिंगनंतर गाडीखालून डिझेल किंवा काळं इंजिन ऑइल फवारायचं. पाटे गंजत नाहीत आणि कुरकुर त्या दिवशी थांबते हे खरं. पण खनिज तेल शोषून साधं रबर फुगतं, पिठूळ होतं आणि लवकर झिजतं. पाट्यांची कुरकुर घालवायची तर पट्ट्या मोकळ्या करून तारेच्या ब्रशने साफ कराव्यात आणि मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावावं, तेही बुशांपासून दूर.

बुश बदलताना

काम शनिवारी रात्री सुरू होतं. गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून झोपायचं, फवारा रबरावर जाऊ न देता. बुश बदलायचाच असेल तर त्याची काळजी नको. शेजारच्या चांगल्या बुशाची करायची. नट हलत नाही म्हणून गॅसची ज्योत मात्र आणू नका. जवळच पेट्रोलची टाकी असते.

एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसरी बाजू शाबूत ठेवली की कुठला वॉशर कुठे हे सांगणारा नमुना समोर असतो. बॉडी घोड्यांवर, आणि जॅक ॲक्सलखाली. शॅकल सोडवताना जॅकची उंची थोडी कमी-जास्त करत राहायचं. पाटा ताणलेला असेल तर पिन अडकते आणि सुटली तर उसळते. पिन हाताने फिरायला लागली म्हणजे पाट्यावर ना भार ना ताण. तीच योग्य उंची, तेव्हाच पिन काढायची. बोटं शॅकलच्या पट्ट्यांमध्ये कधीही घालायची नाहीत.

काही गाड्यांत बुश दोन अर्ध्यांचा असतो, दोन्ही बाजूंनी टोपीसारखा दाबून बसवायचा. तो हातानेही निघतो. पोलादी नळीत बसवलेला अखंड बुश मात्र ओढून काढावा लागतो. त्यासाठी महागडं हत्यार नको. लांब बोल्ट, एका बाजूला बुशापेक्षा किंचित लहान गोटी (पान्याचं सॉकेट), दुसऱ्या बाजूला बुश आत मावेल असा पाइपाचा तुकडा, जाड वॉशर आणि नट. नट आवळत गेलं की गोटी बुशाला ढकलते आणि तो पाइपात उतरतो. नवा बुश बसवताना हीच जोडणी उलटी. ठोकाठोकीने डोळा वाकतो, म्हणून हातोडा शेवटचा उपाय. भोक आतून पॉलिश पेपरने साफ करायचं आणि नव्या रबराला साबणाचं पाणी लावायचं. ते बसताना घसरतं आणि नंतर वाळून जातं. ग्रीस तिथेच राहून रबर खातं. पिनेवर घासून खाच पडली असेल तर पिनही नवीच घ्यायची, नाहीतर ती खाच नवा बुश महिन्याभरात कुरतडते.

पाट्यातली मुख्य पट्टी तुटली असेल किंवा पाट्याची बैठक जिथे बॉडीला जोडली आहे तिथला पत्रा गंजून गेला असेल, तर हत्यारं गोळा करून गॅरेजला जायचं. बसलेले पाटे भट्टीत लाल करून कमान देणाऱ्यांपासूनही सावध राहा. स्प्रिंगचं पोलाद ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून, पुन्हा बेताने तापवून तयार केलेलं असतं. नुसतंच लाल करून सोडलं की त्याचा ताठरपणा जातो आणि कमान काही दिवसांत पुन्हा बसते. आणि तुमची गाडी पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंगची असेल, नंतरच्या मारुती ८००सारखी, तर शोधायची पद्धत हीच: शॉकअपची टोकं, ॲक्सलला धरणाऱ्या दांड्यांचे बुश, चकाकी, लाल भुकटी. फक्त दाबलेली कॉइल स्प्रिंग योग्य हत्याराशिवाय मोकळी करू नका. सुटली तर ती गोळीसारखी येते.

शेवटचा आवळ

सगळं जागेवर बसल्यावर नट लगेच पूर्ण आवळायचा मोह होतो. घरी केलेली बरीच चांगली कामं इथे वाया जातात.

गाडी हवेत असताना पाटा खाली लोंबत असतो. त्या अवस्थेत नट आवळला, तर बुशाचं रबर लोंबत्या अवस्थेला ‘आपली जागा’ समजून धरून बसतं. गाडी खाली उतरली की पाटा वर येतो आणि रबर पिळलं जातं. मग गाडी उभी असतानाही ते पिळलेलंच राहतं, आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पीळ खातं. असा बुश फार लवकर फाटतो. म्हणून हवेत असताना नट फक्त हाताने बसवायचे. चाकं लावायची, गाडी जमिनीवर उतरवायची, मागे दोनदा-तीनदा दाबून पाट्यांना जागेवर येऊ द्यायचं, आणि मग चाकांवर पूर्ण वजन असताना शेवटचा आवळ द्यायचा. यू-बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडे थोडे. किती जोराने, हे त्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. अंगातली रग हे माप नाही. काहीशे किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासायचे, कारण नवं रबर आणि नवे बोल्ट बसून थोडी जागा करतात.

त्या रविवारी संध्याकाळी मामा एकटेच चक्कर मारून आले. गतिरोधकावरून गाडी आली आणि गेली. घरात कुणालाच पत्ता नाही. दार उघडून मामीने विचारलं, ‘गाडी कुठे ठेवून आलात?’